उत्तर राहू दे, रीत सांग: सगळ्या वर्गाला गणितात कसं आणायचं

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आमच्याकडं गणिताचा तास आपोआप सुरू होतो. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी प्रत्येक पोराच्या तोंडावर असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट आणि शाळेला सुट्टी कधी पडणार याचा हिशेब त्याहून पक्का. अशाच एका पावसाळ्यात सातवीच्या एकानं फळ्यावर लिहिलं: सकाळी ३९.९, दुपारी ३९.११. "सर, दोन इंच वाढलं!" पाणी खरंच वाढलं होतं, ३९ फूट ९ इंचांवरून ३९ फूट ११ इंचांवर. मी म्हटलं, फूट-इंच बाजूला ठेवा, नुसत्या संख्या बघा. ३९.९ मोठी की ३९.११? जवळजवळ सगळे हात ३९.११ च्या बाजूनं वर. का रे? "अकरा नवापेक्षा मोठा की हो."

नदीचं उत्तर बरोबर, दशांशाचं चूक, आणि दोन्हीमागं विचार एकच. मी नुसतं "वाढलं का?" एवढंच विचारलं असतं तर सगळ्यांना बरोबरची खूण मिळाली असती आणि ही गाठ दहावीपर्यंत तशीच गेली असती.

पुढं जे सांगतोय ते याच अनुभवावर उभं आहे. कोल्हापूरच्या आसपासच्या शाळांत बरीच वर्षं पाचवी ते दहावी गणित शिकवलं. त्यात जे उपयोगी पडलं ते क्रमानं मांडतो. शिक्षकांसाठी आहे, पण घरी पोरांचा अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांनाही यातलं बरंच करता येईल.

पहिलं काम: पोरगं कुठल्या पायरीवर उभं आहे ते बघा

जून उजाडला की आपण पहिला धडा उघडतो. उघडू नका. पहिले दोन आठवडे प्रत्येक मुलाला दहा मिनिटं द्या. वर्ग मोठा असेल तर मधल्या सुट्टीत दोघं, तासाला बाकीचे काही सोडवत असताना दोघं, असं करत तेवढ्या दिवसांत वर्ग संपतो. चाचणी पेपर काढून हे काम भागत नाही, कारण पेपरात उत्तर दिसतं, रीत दिसत नाही.

विचारायचं ते थोडंच. सत्तेचाळीस लिही. पन्नासातून सत्तावीस वजा कर. सहाशे बारा भागिले चार. अर्धा मोठा की एक तृतीयांश? ०.५ मोठा की ०.४५? रिकाम्या चौकटीत काय येईल: ८ + ४ = ☐ + ५? आठवीच्या वर गेलात तरी हेच प्रश्न विचारा, लाजू नका. शेवटच्या प्रश्नाला आठवीतली मुलंसुद्धा "बारा" म्हणतात. 'बरोबर' या चिन्हाचा अर्थ त्यांच्या लेखी "आता उत्तर लिहा" एवढाच असतो. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. त्या मुलांना समीकरण शिकवायला जाणं म्हणजे पाया न खणता स्लॅब टाकणं.

प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न: "कसं काढलंस?" उत्तर बरोबर असलं तरी विचारायचं. नाहीतर "कसं काढलंस" म्हणजे "चुकलंय" असा अर्थ पोरं दोन दिवसांत लावतात.

एक मुलगी आठवते. सहावीत होती. वहीत ५० − २७ = ३७. मी वही मिटली. तिची आई आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "गिऱ्हाईकानं पन्नासाची नोट दिली, भाजी सत्तावीसची झाली, परत किती देशील?"

"तेवीस." पापणी लवायच्या आत.

"कसं?"

"सत्तावीसला तीन घातले की तीस. वर वीस, पन्नास."

"मग वहीत सदतीस कसे झाले?"

तिनं वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ते वहीतलं हाय न्हवं सर. शून्यातनं सात जात नाहीत, मग सातातनं शून्य घालवलं."

वहीतलं गणित आणि बाजारातलं गणित ही तिच्या लेखी दोन वेगळी गावं होती, मध्ये रस्ताच नव्हता. त्या पोरीला "वजाबाकी येत नाही" असा शेरा मारला असता तर तो खोटा ठरला असता. तिला हातचा घेऊन करायची उभी मांडणी समजली नव्हती, एवढंच. आम्ही आधी तिचीच रीत वहीत उतरवली: एक आडवी रेघ, तिच्यावर २७, ३०, ५०, आणि वर उड्या, ३ आणि २०. मग काड्यांचे पाच गठ्ठे तिच्यापुढं ठेवले आणि म्हटलं, यातून सत्तावीस काड्या मला दे. तिनं दोन गठ्ठे दिले, तिसऱ्याचं रबर काढलं, सात काड्या मोजून दिल्या. ते रबर काढणं म्हणजेच हातचा. पुढच्या आठवड्यात उभी मांडणी तिची तिलाच जमली.

काढलेल्या नोंदी गुणांच्या तक्त्यात घालू नका. प्रत्येकाच्या नावापुढं एक वाक्य पुरे: "दशांशात टिंबापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतो." "जास्त हा शब्द दिसला की बेरीज करते." हे वाक्य "गणित कच्चं" यापेक्षा शंभरपट कामाचं आहे, कारण त्यावर उद्या सकाळी काहीतरी करता येतं.

आकड्यांची नावं: खालच्या वर्गांतली अडचण

पहिली-दुसरीत सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणारं पोर ढ नसतं. ते प्रामाणिक असतं. कानावर आधी 'सत्ते' येतं, मग 'चाळीस', तसं ते लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीसच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा किती टिंगल झाली ते सगळ्यांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून हे केल्याचं तेव्हा पुनःपुन्हा सांगितलं. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा. 'चाळीस सात' हा पूल म्हणून वापरा, पोरगं पलीकडं गेलं की सत्तेचाळीस आपोआप येतं.

आपल्या नावांत एक सोय मात्र अशी आहे की ती न वापरणं म्हणजे करंटेपणा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. शब्दातच वजाबाकी आहे. २९ + ३५ करताना पोरांना म्हणावं, नाव नीट ऐक. एक कमी आहे ना, मग पस्तिसातला एक इकडं दे. तीस आणि चौतीस, चौसष्ट. झालं.

रोजची पंधरा मिनिटं: मागचं भरून काढायचं

जादा तासांवर माझा फारसा विश्वास नाही. शाळा सुटल्यावर थांबवलेल्या पोरांना ती शिक्षा वाटते, आणि बाहेर मैदानावर फुटबॉल चालू असताना कोण लक्ष देणार? त्यापेक्षा रोजच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं सगळ्या वर्गासाठी पायाभरणीची ठेवा. अभ्यासक्रम मागं पडेल ही भीती मलाही होती. उलटं झालं. सप्टेंबरनंतर वेग वाढला, कारण दर धड्याला "सर, हे छेद सारखे का करायचे?" इथं अडकणं थांबलं.

या पंधरा मिनिटांत माझ्याकडं तीन विषय आलटून पालटून असतात: स्थानिक किंमत, अपूर्णांक आणि ऋण संख्या. पाचवी ते दहावीत अडकलेल्या बहुतेक मुलांची गाठ यातल्याच एकात सापडते.

अपूर्णांकांची आपल्याकडं फार जुनी शिदोरी आहे. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. ते अपूर्णांकांचे पाढे होते. ते पुन्हा पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही. शब्द मात्र वापरा. पावणेदोन म्हणजे पाव उणे दोन. "पावणेदोन वाजता निघालो, अर्ध्या तासानं पोचलो, किती वाजले?" "सव्वादोन." हे उत्तर देणाऱ्या पोरानं तोंडी १ ३/४ + १/२ = २ १/४ केलेलं असतं आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. फळ्यावर डाव्या बाजूला त्याचं बोलणं लिहा, उजव्या बाजूला तेच आकड्यांत. छेद सारखे करण्याची गरज तिथं त्याला दिसते: अर्धा म्हणजे दोन पाव. साडेतीन शक्तिपीठांतलं एक आपल्या गावात आहे, त्यामुळं साडेतीन हा आकडा इथं कुणाला शिकवावा लागत नाही.

दशांशाला मी पुन्हा नदीकडं जातो. ३९ फूट ६ इंच म्हणजे ३९.६ की ३९.५? यावर वर्ग भांडतो. भांडू द्या. फुटाचे बारा भाग आणि एकाचे दहा भाग यातला फरक त्या भांडणातून जेवढा पक्का होतो तेवढा माझ्या भाषणातून कधी झाला नाही. मग पैशांचं उदाहरण. फक्त एक सावधगिरी: रुपये-पैशात पोरं नेहमी दोनच अंक बघतात, त्यामुळं ०.४५ आणि ०.५ ची तुलना पैशात करताना ०.५ ला ०.५० लिहून घ्या आणि ते शून्य का चालतं हे त्यांनाच सांगायला लावा.

ऋण संख्यांवर जरा थांबतो, कारण 'उणे उणे अधिक' हा मंत्र पाठ करून घेण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानं होत नसेल. पोरं तो मंत्र बेरजेतही वापरतात: −३ − २ = +५. कारण दोन उणे दिसले ना!

कोल्हापुरात यावर औषध रस्त्यावर मिळतं. पेठापेठांचे फुटबॉल संघ, तालमींचे सामने, गुणतक्ता. पाचवीतल्या पोरालाही गोलफरक कळतो. तीन गोलनी जिंकलो: +३. दोन गोलनी हरलो: −२. एकानं जिंकलो: +१. एकूण गोलफरक +२. आता विचारा: समजा, हरलेला सामना काही कारणानं रद्द ठरवला. तक्त्यातून −२ काढून टाकायचे. गोलफरक किती? पोरं ओरडतात, चार! मग फळ्यावर लिहा: २ − (−२) = ४. "हरलेलं काढलं की वर जाणारच की सर." हे वाक्य एका पोरानं म्हटलं आणि तेव्हापासून मी मंत्र शिकवणं सोडून दिलं. लगेच दुसरा प्रश्न: तीन गोलनी हरलो, पुढचा सामनाही दोन गोलनी हरलो, काय झालं? −५. इथं कुणी +५ म्हणालं तर शेजारचाच त्याला गप्प करतो.

एकच गणित, सगळ्यांसाठी

हुशार पुढच्या बाकावर, कच्ची मागं, त्यांना सोपी गणितं वेगळी. ही वाटणी मीही काही वर्षं केली. तिचा परिणाम एवढाच की मागच्या बाकावरच्यांना आपण मागच्या बाकावरचे आहोत हे नीट पाठ झालं. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. सगळ्यांची पोरं एका वर्गात यावीत म्हणून एवढं झालेल्या गावात आपण वर्गाच्या आत पुन्हा भिंत घालायची, हे मला पटेना.

तेव्हा गणित असं निवडायचं की आत शिरायचं दार सगळ्यांना उघडं असेल आणि पुढं जायला हद्द नसेल. आमच्याकडं उसापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं? २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलला ३.४६, म्हणजे टनाला ३४.६० रुपये जास्त. एवढी माहिती फळ्यावर लिहायची आणि आठवीच्या वर्गाला चौघाचौघांच्या गटात बसवायचं.

पहिला प्रश्न सगळ्यांचा: १०.२५ वरून १०.७५ ला जायला ०.१ च्या किती पायऱ्या? इथंच दशांशाची खरी परीक्षा होते. "पन्नास" म्हणणारे निघतात, आणि गटातलं कुणीतरी १०.३५, १०.४५ असं बोटांवर मोजून पाच दाखवतं. पाच पायऱ्या, १७३ रुपये, दर ३,७२३. हे ज्याला जमलं त्यानं आज काहीतरी केलं. मग उतारा १२.२५ असेल तर? वीस पायऱ्या, ६९२ रुपये जास्त, ४,२४२. पुढं ज्यांची गाडी धावतेय त्यांना म्हणायचं, कुठल्याही उताऱ्याला चालेल असं एक सूत्र लिहा. थोड्या झटापटीनंतर ३५५० + ३४६ × (उतारा − १०.२५) येतं. ३४.६ चे ३४६ कसे झाले, हे गटातल्या प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. मी कुणालाही उभं करणार, हे आधीच सांगून ठेवतो. त्यामुळं ज्याला आलंय तो ज्याला आलं नाही त्याला समजावल्याशिवाय सोडत नाही.

शेवटचा प्रश्न घरी न्यायचा. उताऱ्याचा पाया २०१८-१९ पासून १० टक्के होता, २०२२-२३ पासून १०.२५ झाला. वरचेच दर धरून पाया १० असता तर टनामागं किती फरक पडला असता? ८६ रुपये ५० पैसे. हे उत्तर घेऊन पोरं घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी दोन पालक शाळेत आले, पोरानं हे कुठनं आणलं विचारायला. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात किती, हे मी घरूनच विचारून आणायला सांगतो. कारखान्यागणिक आकडे वेगळे येतात आणि सरासरीचा धडा फुकटात मिळतो.

सहावीसाठी असंच एक गणित गुंठ्याचं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. दोरी आणि चुना घेऊन मैदानावर तो खरोखर आखा. चाळीस असे चौकोन म्हणजे एकर, हे त्यांना ऐकून माहीत असतं. डोळ्यांनी गुंठा बघितलेला नसतो. मग विचारा, लांबुडका गुंठा आखता येईल का? ११ बाय ९९ निघतो. क्षेत्र तेच. आता कुंपण? चौरसाला १३२ फूट, लांबुडक्याला २२०. "जमीन तेवढीच नि तार एवढी जास्त?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत पुन्हा सहसा होत नाही.

भाषा

सेमी इंग्रजीच्या वर्गात गणितात नापास होणाऱ्यांतली बरीच मुलं खरं तर शब्दात नापास होतात. 'फाइंड द डिफरन्स बिटवीन ४६ अँड १९' याला एका मुलानं उत्तर लिहिलं होतं: एक सम आहे, एक विषम आहे. मी त्याला पूर्ण गुण द्यायला हवे होते. दिले नाहीत, याची अजून रुखरुख आहे.

उपाय साधा. भिंतीवर एक कागद, धडा चालू असेपर्यंत रोज वाढत जाणारा: न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, प्राइम नंबर म्हणजे मूळ संख्या, इक्विव्हॅलंट म्हणजे सममूल्य. शेजारी एक चित्र किंवा उदाहरण. आणि वर्गात विचार मराठीत करायला मोकळीक. मांडणी इंग्रजीत करायची असेल तर ती शेवटी.

मराठी माध्यमातही शब्दांचे सापळे आहेतच. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, अशा खुणा शिकवू नका. "सीमाकडं ३४ मणी आहेत, ते मीनापेक्षा ९ ने जास्त आहेत, तर मीनाकडं किती?" यात 'जास्त' बघून ४३ लिहिणारी मुलं त्या खुणांनीच तयार केलेली असतात. शाब्दिक उदाहरण आलं की आधी आकडे झाका. खरंच, हातानं किंवा पट्टीनं. गोष्ट काय आहे ते सांग, कोणाकडं जास्त आहे ते सांग, चित्र काढ. मग आकडे उघड.

तासात काही बारीक सवयी

प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि मगच कुणाला तरी बोलवा. पहिल्या सेकंदाला वर येणारे तेच चार हात असतात. जुन्या पाट्या किंवा प्लास्टिकचं कव्हर घातलेला कोरा कागद प्रत्येकाकडं ठेवा. "पाटी वर" म्हटलं की सगळ्या वर्गाचं उत्तर एका नजरेत दिसतं. चुकीचं उत्तर पुसायचं नाही, फळ्यावर नाव न घालता लिहायचं आणि विचारायचं, असा विचार कोण करेल आणि का? तपासलेल्या चाचणीत चूक दुरुस्त करून कारण लिहून आणलं तर अर्धे गुण परत द्या.

पाढे

पाढे हवेतच. गुणाकार अडला की अवयव अडतात, अवयव अडले की वर्गसमीकरण अडतं. पण पाढ्यांसाठी पोराला सगळ्या वर्गापुढं उभं करणं मी बंद केलं, आणि ते माझ्याच चुकीतून. सातचा पाढा म्हणताना अडखळलेल्या एका मुलाला मी तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतं. त्यानंतर वर्षभर त्यानं कुठल्याच प्रश्नाला हात वर केला नाही.

आता मी हिशेब दाखवतो. दहा बाय दहाचा तक्ता म्हणजे शंभर उत्तरं, बघूनच पोट दुखतं. १, २, ५ आणि १० चे पाढे येतात ना? ते खोडा. ७ × ८ आणि ८ × ७ एकच, त्यातला एक खोडा. उरतात फक्त २१. त्यातही ४ चा पाढा म्हणजे २ ची दुप्पट, ८ चा म्हणजे ४ ची दुप्पट, ९ चा म्हणजे १० पटीतून एकदा वजा. खरोखर पाठ करावं लागतं ते ७ × ६, ७ × ७ असं मूठभरच. आठवड्याला तीन उत्तरं घेतली तर सात आठवड्यांत तक्ता संपतो, गणपतीच्या आत.

घरचा अभ्यास

एकाच प्रकारची वीस गणितं देऊ नका. बारावं गणित करताना पोरगं विचार करत नसतं, आकडे बदलत असतं. सहा द्या: तीन आजची, दोन गेल्या आठवड्यातली, एक मागच्या महिन्यातलं, आणि क्रम उलटासुलटा. मिसळलेल्या गणितात आधी ठरवावं लागतं की हे आहे कशाचं. परीक्षेत नेमकं तेच लागतं. सुरुवातीला गुण थोडे घसरल्यासारखे वाटतील, दिवाळीपर्यंत थांबा.

पालकांना सभेत मी एकच विनंती करतो: "मलाबी गणित कधी आलं नाही" हे पोरासमोर म्हणू नका. तुम्ही ते त्याला धीर द्यायला म्हणता, त्याला ती घराण्याची रीत वाटते. मुलींच्या बाबतीत तर "तिला कुठं हिशेब लिहायचाय" हे वाक्य मी अजून ऐकतो. ज्यांना गणित येत नाही त्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. "किती मिळाले?" ऐवजी "कसं काढलंस, मला शिकव" म्हणावं. आणि दूध संस्थेची पावती, फॅट, लिटर, दर, दहा दिवसांचं बिल, हे पोराकडून तपासून घ्यावं. चूक सापडली तर त्याला एक पेढा.

नववी-दहावीत उशिरा सापडलेली मुलं

काही मुलं थेट नववीच्या शेवटी हाताला लागतात. तेव्हा सगळं भरून काढायला वेळ नसतो, म्हणून निवड करावी लागते. भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, २० गुण अंतर्गत. बीजगणितात अर्थनियोजन, सांख्यिकी आणि संभाव्यता या प्रकरणांना अवयव पाडणं जवळजवळ लागत नाही, तिथून सुरुवात करा. भूमितीत रचना आधी घ्या. कंपास नीट धरता आला की हातातून उत्तर निघतं आणि आपल्यालाही काही येतं हे त्या मुलाला पहिल्यांदा कळतं. 'कृती पूर्ण करा' हे प्रश्न सोडवताना रिकाम्या जागा भरण्याआधी छापलेली प्रत्येक ओळ का लिहिली आहे ते मोठ्यानं सांगायला लावा. पाठांतराच्या गाईडपेक्षा हे स्वस्त पडतं. या मुलांसाठीही रोजची पंधरा मिनिटं चुकवायची नाहीत.

एखादं मूल मात्र सगळं करूनही आकडे उलटे लिहितं, मोजताना हरवतं, घड्याळ लागत नाही, आणि बाकी बोलण्यात चलाख असतं. आधी डोळे तपासून घ्या. फळा न दिसणारी पोरं मी दरवर्षी शोधून काढतो. मग तज्ज्ञाकडून तपासणी. डिस्कॅल्क्युलिया नावाची अडचण खरी असते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. हे दहावीच्या फॉर्मच्या वेळी आठवून उपयोग नाही, सातवीतच हलवा.

नोव्हेंबरात येणारी मुलं

कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर काही मुलं वर्गात येऊन बसतात. मार्चमध्ये ती परत जातात. दोन शाळांच्या मध्ये त्यांचं गणित गळतं: इथं जे झालं ते तिथं होऊन गेलेलं असतं, तिथं जे व्हायचं ते इथं कधी होत नाही. त्यांना चालू धड्यात ढकलू नका. त्याच दहा मिनिटांच्या गप्पांपासून सुरुवात करा. मोळ्या, खेपा, टन यांचा तोंडी हिशेब त्यांना आपल्या पोरांपेक्षा चांगला येतो, त्यामुळं उसाच्या गणितात गटाचे पुढारी तीच असतात.

अशा प्रत्येक मुलासाठी मी अर्ध्या कागदाचं एक कार्ड करतो. त्यावर आठ पायऱ्या: दोन अंकी संख्या वाचन-लेखन, हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी, पाढे, भागाकार, अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या. जी पायरी झाली तिथं तारीख, जी चालू आहे तिथं एक ओळ: 'भागाकारात शून्य विसरतो, ६१२ ÷ ६ घालून बघा.' मार्चमध्ये ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या दप्तरात ठेवतो आणि पुढच्या शाळेतल्या गुरुजींना दाखव म्हणून सांगतो. गेल्या हंगामात एक कार्ड परत आलं. तेच पोरगं, तीच पिशवी, आणि भागाकाराच्या पायरीपुढं दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात ऑगस्टची तारीख.